पाठीचे दुखणे : केव्हा अंगावर काढायचे, केव्हा नाही

(गडमुडशिंगी, ता. करवीर येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज ऊसदरावर बोलायचे नाही असे ठरवूनच आम्ही उभे राहिलो आहोत. दराचा हिशेब आपण पुष्कळ मांडला, पुढेही मांडू. आज ज्या पाठीवर तो ऊस चढतो, त्या पाठीविषयी बोलायचे आहे.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. या मांडवात ज्यांची पाठ किंवा कंबर गेल्या वर्षभरात एकदाही दुखली नाही, त्यांनी हात वर करावा. बघा, चार हात वर आले आणि चारही शाळेतल्या पोरांचे. यात नवल काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती आणि 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटींच्या वर जाईल. माणसाला कामातून उठवणारे जगातले पहिल्या क्रमांकाचे दुखणे हेच आहे.

आपल्याकडे तर ते घरोघर आहे. बाई सकाळी उकिडवी बसून धारा काढते, दिवसभर वाकून भांगलते, संध्याकाळी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येते. गडी खताची आणि पेंडीची पोती उचलतो. याच गावात गोकुळचा महालक्ष्मी पशुखाद्याचा कारखाना आहे. त्यातले पोते 50 किलोचे असते. फवारणीचा पंप 16 लिटरचा. भरला की पाण्याचेच 16 किलो, पंपाचे वजन वेगळे. ऊसतोडीची मोळी तीस-चाळीस किलोची, आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचे. या सगळ्यातून पाठ न दुखता सुटली तरच नवल.

म्हणून दोन टोके तयार झाली आहेत. एक म्हणतो, पाठ दुखायचीच, त्यात दवाखान्यात काय जायचे? दुसरा पहिल्याच दिवशी घाबरून पाच-सात हजारांचा एमआरआय काढतो. दोघेही चुकतात. पहिल्याची चूक कधी कधी जन्माची होते. तशी एक चूक आम्ही स्वतः केली आहे. ती सांगितल्याशिवाय पुढे बोलायचा आम्हाला अधिकार नाही.

आमची चूक

आमच्या एका कार्यकर्त्याची गोष्ट. नाव सांगत नाही. वय चाळिशीच्या आत, अंगाने धडधाकट. जानेवारीचा महिना. कारखान्याची तोड आली आणि टोळीत दोन माणसे कमी. याने स्वतःच्याच उसाच्या मोळ्या वाहिल्या. रात्री कंबर धरली. दोन दिवसांनी कळ दोन्ही पायांत उतरली. आम्ही भेटायला गेलो. तो म्हणाला, "उसण भरलीय, होईल बरी." आम्हीही म्हणालो, "पडून राहा चार दिवस." आमच्याच गाडीवरून एका पायाळू माणसाला आणले आणि त्याचा पाय पाठीला लावून घेतला.

त्याने आम्हाला एक गोष्ट सांगितली नाही. आदल्या संध्याकाळपासून त्याला लघवी होत नव्हती. बसायच्या जागेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला होता. ती जागा आपली नाहीच, असे वाटत होते म्हणे. हे कोणाला सांगायचे? बायकोलाही सांगितले नाही. आणि आम्ही विचारले नाही, कारण विचारायचे असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले. ऑपरेशन झाले. आज तो काठी घेऊन चालतो. पण लघवीसाठी दिवसातून चार वेळा नळी घालावी लागते, आणि ती जन्मभर. डॉक्टरांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "लघवी अडली त्या रात्रीच का आणले नाही?"

आम्ही शेतकीचे पदवीधर. उसाच्या पानावरचा ठिपका बघून रोग सांगतो. माणसाच्या बाबतीत आम्हाला तेवढेही कळले नाही. तेव्हापासून आम्ही डॉक्टरांना विचारून, वाचून जे शिकलो ते प्रत्येक बैठकीत सांगतो. आम्ही डॉक्टर नाही. औषध सांगणार नाही. डॉक्टरकडे केव्हा जायचे तेवढे सांगणार.

दुपारची मान आणि संध्याकाळची मान

आपल्या भाषेत सांगतो. उसाने भर दुपारी माना टाकल्या तर आपण घाबरत नाही. ऊन आहे, पाणी कमी पडले असेल, संध्याकाळी उभा राहील. पण संध्याकाळ झाली, गार पडले, रानात ओल आहे, तरी पान उभे राहत नाही. ठोंब धरून हलवला तर मुळासकट हातात येतो. तेव्हा आपण पाणी देत बसत नाही. खाली हुमणी आहे हे ओळखतो. मान टाकणे तेच, पण सोबतची लक्षणे वेगळी.

पाठीचेही असेच आहे. बहुतेक कंबरदुखी दुपारच्या मानेसारखी असते. स्नायू ताणला, लचक भरली, सांधा धरला. काम केले की दुखते, विसावा घेतला की कमी होते, कूस बदलली की बरे वाटते. अशा दुखण्यातले बहुतेक चार ते सहा आठवड्यांत आपोआप उतरणीला लागते. पायाळूचा पाय लागून उसण बरी होते ती यामुळेच. ती बरी व्हायचीच असते. श्रेय पायाला मिळते. पायाने नुकसान होत नाही. पण ज्याची पाठ आपोआप बरी होणारी नव्हती, त्याचे या नादात दिवस जातात. आमच्या कार्यकर्त्याचे तेच झाले.

अशा साध्या दुखण्यात काय करावे? अंथरुणाला खिळून राहू नये. पूर्वी डॉक्टरसुद्धा आठवडा-आठवडा फळीवर झोपवत. आता ते मागे पडले आहे. फार तर एक-दोन दिवस विसावा, मग सोसेल तेवढे चालणे-फिरणे, जड काम मात्र बंद. शेक घ्यावा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस. ज्याला मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाब, साखर किंवा पोटात व्रण आहे, त्याने स्वतःच्या मनाने एकही घेऊ नये.

आणि एमआरआयची घाई नको. अमेरिकेत 1994 साली, ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशा 98 माणसांचे एमआरआय काढले. त्यातल्या 52 टक्के लोकांच्या मणक्यातली एक तरी गादी फुगलेली निघाली. केस पांढरे होतात तशी गादीही झिजते. फोटोत गादी सरकलेली दिसली म्हणजे दुखणे तिचेच आणि ऑपरेशन करायलाच हवे, असे होत नाही. आधी डॉक्टरांनी हाताने तपासावे, पायांची ताकद बघावी, मग गरज वाटली तर फोटो.

त्याच दिवशी, त्याच रात्री

आता हुमणीची लक्षणे. ही नीट ऐका. पहिली यादी अशी की जिच्यात उद्यावर टाकायचे नाही.

एक. कंबरदुखीसोबत लघवी अडली, किंवा नकळत व्हायला लागली, किंवा शौचावरचा ताबा गेला.

दोन. बसायच्या जागेला, गुप्तांगाच्या आसपास, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला.

तीन. दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा आला, किंवा एका पायातली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली. खूण सोपी आहे. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. पाऊल उचलत नाही, फरफटते.

मणक्याच्या खालच्या टोकाला मज्जातंतूंचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटासारखा. सरकलेल्या गादीने तो पुरा दाबला की ही लक्षणे दिसतात. दाब लवकर, शक्यतो 48 तासांच्या आत काढला तर तंतू सावरण्याची आशा असते. जितका उशीर, तितके कमी परत मिळते.

चार. झाडावरून, ट्रॉलीवरून, माळ्यावरून पडल्यावर किंवा गाडीच्या अपघातानंतर पाठ दुखते. अशा माणसाला दोघांनी काखेत धरून बसवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. मणका मोडला असेल तर हलवण्यातच मज्जारज्जू कापला जाईल. आहे तिथे सरळ निजवा आणि 108 ला फोन करा. ही गाडी महाराष्ट्रात 2014 पासून आहे, फुकट आहे.

पाच. कंबर दुखते आणि थंडी वाजून ताप आहे. बरगडीखालची बाजू दुखते, लघवीला जळजळ आहे किंवा रक्त जाते, तर मूत्रपिंडाचा मामला असतो. पावसाळ्यात चिखलात काम केल्यावर ताप आला, कंबर आणि पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल झाले, तर लेप्टोची शंका घ्यावी. त्यात दोन दिवसांची वाट महागात पडते.

सहा. साठी उलटलेला, विडी-तंबाखू ओढलेला माणूस, आणि पोटातून पाठीत एकाएकी फाडल्यासारखी कळ येऊन घाम सुटला. ही शीर फुटण्याची खूण असू शकते. शेक देत बसायचे नाही.

या आठवड्यात

दुसरी यादी अशी की त्या रात्री धावपळ नको, पण आठवडा उलटू द्यायचा नाही.

दुखणे विसाव्यानेही थांबत नाही, रात्री झोपेतून उठवते. वजन घटते, भूक नाही. पूर्वी कधी कॅन्सरचा उपचार झालेला आहे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी पाठ धरली आहे. सहा आठवडे झाले, उतार नाही. यातले काही असेल तर तपासणी हवीच.

संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घट आणि मणक्यावर एका जागी बोट ठेवले तर दुखते, तिथे थोडा उंचवटा येतो. हा मणक्याचा क्षयही असू शकतो. टीबी म्हणजे खोकलाच, असे नाही. यात खोकला नसतोही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि पोषणासाठी महिन्याला 500 रुपये मिळत, ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. वर्षभर किंवा जास्त औषध घ्यावे लागते. मध्ये सोडायचे नाही. वेळेवर सुरू केले तर माणूस चालता राहतो. उशीर झाला तर पाठीला कुबड येते, पायही जातात.

ज्यांच्या घरी जनावर आहे, म्हणजे आपण सगळेच, त्यांच्यासाठी आणखी एक. गाय-म्हैस सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, आपण उघड्या हाताने वार काढली, पुढे काही आठवड्यांनी आपल्याला ये-जा करणारा ताप, घाम आणि कंबरदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा. ब्रुसेलोसिस नावाचा रोग जनावरातून माणसात येतो, कच्च्या दुधातूनही येतो. तो मणक्यात आणि कमरेच्या सांध्यात बसतो. रक्ततपासणीत सापडतो, औषधाने बरा होतो. पण गोठ्यातली गोष्ट तुम्ही सांगितली नाही तर डॉक्टरांच्या डोक्यात तो येणार कसा? गाभडलेल्या जनावराला हात लावताना हातमोजे घाला, वार खोल पुरा, दूध उकळूनच प्या. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि रेड्या यांना याची लस टोचतात. 2019 पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ती आहे. आपल्या डेअरीवर विचारा.

तरुण पोरांसाठी एक सांगतो. वय पंचवीस-तीस, सकाळी उठल्यावर कंबर अर्धा-पाऊण तास लाकडासारखी ताठ, पहाटे दुखण्याने जाग येते. चालले-फिरले की मोकळी होते, बसून राहिले की पुन्हा धरते. आणि हे तीन महिन्यांवर चालले आहे. ही कामाची पाठ नव्हे. कामाच्या पाठीला विसावा बरा वाटतो, हिला हालचाल बरी वाटते. हा सांध्यांचा वात असतो. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर मणके एकमेकांना सांधले जातात. आज त्याला चांगली औषधे आहेत.

पांढरी गोळी

आता एका चोरवाटेविषयी. बाजारच्या गावी कुठेतरी एक पुडी मिळते, एक इंजेक्शन मिळते. घेतले की दुसऱ्या दिवशी माणूस कोयता घेऊन रानात. "हाताला गुण आहे" म्हणतात. गुण हाताला नसतो, गोळीत स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते मोठे औषध आहे. पण पुडीतून महिनोन्महिने घेतले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आत टीबी असेल तर तो झाकला जातो आणि पसरतो. आणि एकदम बंद केले तरी जिवावर बेतते. म्हणून जो कोणी असे काही घेत असेल त्याने उरलेली पुडी खिशात घालून डॉक्टरकडे जावे आणि दाखवावे. लाजू नये.

वेदनाशामकाचेही तसेच. डायक्लोफिनॅक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. हेच औषध जनावरांना देत होते. मेलेले जनावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि गिधाडे संपत चालली, तेव्हा सरकारने 2006 साली जनावरांसाठी ते बंद केले. माणूस गिधाड नव्हे, त्याला ते तसे विषारी नाही. पण रोज दोन गोळ्या, वर्षभर, पाणी कमी आणि ऊन जास्त, असे चालले तर माणसाचे मूत्रपिंडही थकते.

मायबहिणींसाठी

बाईची कंबर दुखते तेव्हा घरात कोणी विचारत नाही. तीही सांगत नाही. आणि शेवटी सांगते तेव्हा कोणीतरी म्हणतो, पिशवी काढून टाका. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांना बीडकडून ऊसतोडीच्या जोड्या येतात. त्या बायकांच्या पिशव्या काढण्याचे प्रमाण बघून 2019 साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीचा खाडा परवडत नाही, अंगावरून जाते, कंबर दुखते. तक्रारी खऱ्या होत्या, उपाय मात्र भलताच.

बहिणींनो, नुसत्या कंबरदुखीसाठी पिशवी काढायची नसते. अंगावरून पांढरे किंवा लाल जाते, ओटीपोटात दुखते आणि कंबरही दुखते, तर बाईच्या डॉक्टरकडून तपासणी करा. बहुतेक वेळा औषधाने भागते. ऑपरेशन सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. पिशवीसोबत बीजकोशही गेले तर हाडे वेळेआधी ठिसूळ होतात आणि पाठ आणखी दुखते. आणि पाळी गेलेल्या आजीची उंची कमी होत चालली, पाठीला बाक आला, घागर उचलताना एकदम कळ आली, तर "वय झाले" म्हणून सोडू नका. मणका दबून मोडलेला असू शकतो. तिलाही उपचार आहे.

ओझ्याचा हिशेब

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 सालीच शिफारस केली की धट्ट्याकट्ट्या पुरुषालाही 55 किलोच्या वर ओझे हाताने उचलायला लावू नये, आणि बाईला त्याहून बरेच कमी. हमालांनी पोत्याचे वजन कमी करून घेण्यासाठी वर्षानुवर्षे भांडण केले. 2018 साली युरियाचे पोते 50 वरून 45 किलोचे झाले. खताची बचत व्हावी म्हणून झाले, पाठीसाठी नव्हे, पण पाठीला तेवढेच बरे.

आपल्या हातात काय आहे? पोते दोघांनी उचलावे. अंगाशी धरावे, गुडघ्यात वाकावे, उचलताना कमरेत पीळ देऊ नये. पंप 10 लिटरच भरावा. औषधाचे प्रमाण लिटरवर असते, पंपावर नसते, त्यामुळे फवारणीत काही बिघडत नाही, फेरा तेवढा वाढतो. भांगलताना तासाला पाच मिनिटे सरळ उभे राहावे. मुकादमाने आणि मालकाने त्यावर ओरडू नये. आम्ही मजुरीचे दर ठरवतो तेव्हा ही पाच मिनिटेही धरली पाहिजेत.

जाण्यापूर्वी

या बैठकीतून तीन गोष्टी घेऊन जा. पहिली, ती त्याच रात्रीची सहा लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर लावा. तिथे दिवसातून दोनदा गाव येते. दुसरी, प्रत्येक वस्तीत रात्री-अपरात्री निघेल अशी एक गाडी ठरवून ठेवा. कोल्हापूरचा थोरला दवाखाना, म्हणजे सीपीआर, येथून लांब नाही. महात्मा फुले योजनेत काय बसते ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, पैशांच्या भीतीने थांबू नका. तिसरी सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत अवघड. ज्याची कंबर धरली आहे त्याला भेटायला जाल तेव्हा नुसते "कसं काय" विचारू नका. "लघवी होते का? बसायच्या जागेला बधिर वाटते का? चप्पल निसटते का?" असे तोंड उघडून विचारा. बाईला बाईने विचारावे, गड्याला गड्याने.

तोड दोन दिवस पुढे गेली तर नुकसान होते, आम्हाला मान्य आहे. कारखाना पुन्हा चिठ्ठी देईल की नाही, ही धास्तीही खोटी नाही. आमचा तो कार्यकर्ता त्याच धास्तीने थांबला होता. त्याचा ऊस त्या जानेवारीत वेळेवर गेला, वजनही चांगले भरले. आज बैठकीला तो आला आहे, मागच्या रांगेत बसला आहे. हे भाषण करायला त्यानेच आम्हाला सांगितले.